अल्ट्रासाउंडने गाठीच्या आतच सक्रिय होणारी कर्करोगाची औषधे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या उपचारपद्धतीत नेमके काय केले जाते?

औषध शरीरात सोडताना ते बंदिस्त किंवा निष्क्रिय अवस्थेत असते. ते एखाद्या अतिसूक्ष्म कुपीत कोंडलेले असते, किंवा त्याच्या रेणूला अशी जोड दिलेली असते की ती सुटेपर्यंत औषधाचा प्रभाव पडत नाही. शिरेतून दिलेले हे औषध रक्ताबरोबर सगळीकडे फिरत असताना, शरीराबाहेर ठेवलेल्या उपकरणातून अल्ट्रासाउंडच्या लहरी गाठीवर एकवटल्या जातात आणि तेवढ्याच जागी कुपी उघडते किंवा जोड सुटते. औषध कोठे आणि केव्हा काम करील हे दोन्ही बाहेरून ठरवता यावे, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा उद्देश आहे.

बातम्यांमध्ये ‘सक्रिय करणे’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कुपीतून तयार औषध बाहेर पडणे, निष्प्रभ रेणूचे प्रभावी रेणूत रूपांतर होणे आणि औषधासाठी रक्तवाहिनीची भिंत तात्पुरती सैल करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची प्रगतीही सारखी नाही, म्हणून पुढील उत्तरांत त्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत.

नेहमीच्या केमोथेरपीत असे काय कमी पडते?

बहुतेक वेळा औषधाची ताकद कमी पडत नाही. डॉक्सोरुबिसिन हे जुने आणि खात्रीचे औषध घ्या. प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत ते कर्कपेशी सहज मारते, परंतु शरीरात ते हृदयाच्या स्नायूलाही इजा करते आणि ही इजा साठत जाते. त्यामुळे रुग्णाला आयुष्यभरात शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डॉक्सोरुबिसिन देणे डॉक्टर टाळतात. म्हणजे औषध किती द्यायचे हे गाठीची गरज पाहून ठरत नाही. हृदय, अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर किती सोसू शकते यावर ते ठरते. गाठीतील प्रमाण वाढवायचे आणि बाकीच्या शरीरातील वाढू द्यायचे नाही, हे नुसत्या मात्रेच्या हिशेबाने जमत नाही.

कर्कपेशी ओळखणारी लक्ष्यवेधी औषधे आहेतच. मग ध्वनीची गरज का भासावी?

लक्ष्यवेधी औषधे कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील एखादी खूण ओळखून तिला चिकटतात. पण अशा बहुतेक खुणा निरोगी पेशींवरही थोड्याफार असतात, आणि औषध तेथेही जाऊन चिकटते.

सूक्ष्मकणांत भरलेल्या औषधांची अडचण वेगळी आहे. गाठीतील रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू व सूक्ष्मकण तेथे पाझरून साठतात, असे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले आणि त्यावर पुढे सूक्ष्मकणांच्या औषधांचे मोठे शास्त्र उभे राहिले. प्रत्यक्षात मात्र हा पाझर गाठीगाठीत वेगळा असतो, आणि माणसांमध्ये तो उंदरांइतका भरवशाचा नाही. त्याआधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या सूक्ष्मकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण त्यात अवघे ०.७ टक्के निघाले. हा आकडा अनेकांना धक्का देणारा होता, आणि औषध आपोआप पाझरण्याची वाट पाहण्यापेक्षा बाहेरून काही करावे या विचाराला त्यानंतर बळ मिळाले.

ध्वनीची जोड दिली की औषधावर दोन अटी येतात: पेशीची खूण जुळली पाहिजे आणि त्या जागी ध्वनीही पोहोचला पाहिजे. निरोगी पेशीवर खूण असली तरी तेथे ध्वनी पाडलेला नसतो, म्हणून दुसरी अट पुरी होत नाही.

सोनोग्राफीत वापरतात तोच हा अल्ट्रासाउंड आहे का?

जात तीच, वापरण्याची तऱ्हा वेगळी. माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांच्या पलीकडील ध्वनीला अल्ट्रासाउंड म्हणतात. सोनोग्राफीत साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झ (१ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने) कंपनसंख्या वापरतात आणि अत्यंत तोकडे, अधूनमधून सोडलेले स्पंद पाठवून त्यांचे पडसाद टिपतात. उपचारासाठी बहुधा याहून कमी कंपनसंख्या निवडतात, स्पंद लांब ठेवतात आणि लहरी एका बिंदूवर आणतात.

कंपनसंख्या कमी ठेवण्यामागे साधा हिशेब आहे. मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला सुमारे ०.५ डेसिबल एवढा ध्वनी विरतो. गाठ १० सेंटिमीटर खोल असेल तर १ मेगाहर्ट्झच्या लहरींची जवळजवळ एक तृतीयांश तीव्रता तेथवर टिकते. त्याच खोलीवर ५ मेगाहर्ट्झच्या लहरी पाठवल्या तर हजारात तीन भागच उरतात, आणि बाकीची ऊर्जा वाटेतील ऊतींत उष्णता होऊन जिरते.

लहरी एकवटण्यासाठी वाडग्याच्या आकाराचे किंवा शेकडो छोट्या घटकांचे उत्सर्जक वापरतात. दाब दिला की वीज आणि वीज दिली की कंपन, हा त्यातील स्फटिकांचा गुण. त्याचा पहिला भाग पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला होता. उत्सर्जकाच्या प्रत्येक भागातून निघालेली लहर केंद्रबिंदूवर एकाच लयीत पोहोचावी अशी रचना केली जाते. तेथे सगळ्यांची बेरीज होते, तर आधीच्या ऊतींतून त्याच लहरी विखुरलेल्या आणि क्षीण अवस्थेत पार होतात. १ मेगाहर्ट्झला हा केंद्रबिंदू तांदळाच्या दाण्यासारखा लांबोडका असतो: रुंदी दोनएक मिलिमीटर आणि लांबी सेंटिमीटरच्या आसपास.

मग साधी सोनोग्राफी करताना औषध चुकून सक्रिय होऊ शकेल का?

कुपी अगदीच नाजूक बनवली नसेल तर नाही. निदानासाठीच्या यंत्रांची सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॉटच्या आत असावी असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे बंधन आहे. गाठ जाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एकवटलेल्या अल्ट्रासाउंडमध्ये केंद्रबिंदूवरील तीव्रता १,००० वॉटच्याही वर जाते. औषध सोडवण्यासाठी लागणारी पातळी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

ध्वनी औषधाचा रेणू थेट फोडतो का?

नाही, आणि हा मुद्दा नीट समजला तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो, म्हणून १ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मिलिमीटर भरते. औषधाची कुपी साधारण १०० नॅनोमीटरची असते. लहर तिच्यापेक्षा पंधरा हजार पट मोठी आहे. समुद्राच्या लाटेवर तरंगणारा बूच लाटेबरोबर वरखाली होतो, पण लाटेमुळे तो चिरत नाही. तसेच कुपीचेही होते. रेणूमधील एखादा बंध तर तिच्याहूनही कितीतरी लहान.

म्हणून मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो, जो ध्वनीची ऊर्जा लहानशा जागेत साठवून औषधापर्यंत पोहोचवील. आजवर चार दुभाषे चांगले अभ्यासले गेले आहेत: उष्णता, वायूचे बुडबुडे, ध्वनीने चेतणारी रसायने आणि ताणले की मध्यावर तुटणाऱ्या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या.

उष्णतेने औषध कसे सुटते?

लिपोसोम म्हणजे मेदरेणूंच्या दुहेरी थराची पोकळ गोळी. अशा गोळ्यांचे वर्णन ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात केले आणि डॉक्सोरुबिसिन भरलेल्या लिपोसोमला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यताही मिळाली. मेदरेणू योग्य निवडले तर हा थर ठरावीक तापमानाला घट्ट अवस्थेतून पातळ अवस्थेत जातो, थिजलेले तूप विरघळावे तसा, आणि त्या संक्रमणाच्या वेळी थरात फटी पडून आतील औषध बाहेर येते. तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या लिपोसोमची ही कल्पना १९७८ मध्ये मांडली गेली. पुढे थर्मोडॉक्स या नावाने ओळखल्या गेलेल्या औषधात हा उंबरठा सुमारे ३९.५ अंश सेल्सिअसवर आणला आणि औषध काही सेकंदांत सुटू लागले.

ऊती जाळण्यासाठी ५५ अंशांच्या वर जावे लागते. येथे तसे काही करायचे नसते. गाठ ४० ते ४२ अंशांवर काही मिनिटे, जमल्यास अर्धा तास, ऊबदार ठेवायची असते. ऐकायला सोपे वाटते, पण गाठीतून वाहणारे रक्त सतत उष्णता वाहून नेत असते. मोठी रक्तवाहिनी शेजारी असेल तर गाठीची ती बाजू तापतच नाही.

यातील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. लिपोसोम गाठीच्या पेशींमध्ये शिरून मग फुटावा लागत नाही. तो गाठीच्या रक्तवाहिनीतच फुटतो, तेथे मोकळ्या औषधाचे प्रमाण एकदम वाढते आणि लहान रेणू असल्याने औषध भिंतीतून स्वतःच आत झिरपते. सूक्ष्मकण गाठीत पाझरण्याची ती बेभरवशाची पायरी येथे पूर्णपणे टळते.

रुग्णाला ताप आला तर औषध सगळीकडे सुटणार नाही का?

शंका रास्त आहे. शरीराचे तापमान ३७ अंश आणि उंबरठा ३९.५ अंश, म्हणजे मोकळीक अडीच अंशांचीच. उंबरठा वर नेला तर सुरक्षितता वाढते, पण गाठ तेवढी तापवणे कठीण जाते आणि निरोगी ऊती भाजण्याची शक्यता वाढते. औषध रक्तात काही तासच टिकते, त्यामुळे काळजीचा काळ थोडा असतो. तरी जोरात ताप असताना असे औषध देऊ नये हे उघड आहे.

हे माणसांमध्ये करून पाहिले आहे का?

हो. ऑक्सफर्ड येथील टारडॉक्स चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृतात गाठी असलेले, ज्यांच्यावर नेहमीचे उपचार थकले होते असे दहा रुग्ण तीत होते. प्रत्येकाची एकच गाठ निवडली जाई. रुग्णाला पूर्ण भूल देऊन लिपोसोममधील डॉक्सोरुबिसिन शिरेतून अर्ध्या तासात सोडले जाई आणि मग पोटावरून अल्ट्रासाउंडचा केंद्रबिंदू त्या गाठीवर टप्प्याटप्प्याने फिरवला जाई. पहिल्या सहा रुग्णांच्या गाठीत तापमान मोजणारी बारीक सुई बसवली होती. पुढील चौघांत सुई न घालताच उपचार केला, कारण तोवर कोणत्या मात्रेने किती तापमान वाढते याचा अंदाज आला होता.

अल्ट्रासाउंडच्या आधी आणि नंतर त्याच गाठीचे नमुने काढून त्यांतील औषध मोजले गेले. प्रमाण सरासरी ३.७ पट वाढलेले आढळले आणि दहापैकी सात रुग्णांत ते दोन ते दहा पटींच्या दरम्यान वाढले. रुग्णाची तुलना दुसऱ्या रुग्णाशी न करता त्याच्या स्वतःच्याच गाठीशी केली होती, म्हणून केवळ दहा जण असूनही हा निष्कर्ष वजनदार मानला जातो. रुग्ण अधिक जगले का, हा प्रश्न मात्र ही चाचणी विचारतच नव्हती. औषध पोहोचले, एवढेच तिने सिद्ध केले आणि तेवढेच सिद्ध करायचे तिने ठरवले होते.

थर्मोडॉक्स मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरले, असे वाचले. ते खरे आहे का?

खरे आहे. यकृताच्या कर्करोगाच्या ७०१ रुग्णांवरील हीट चाचणीत ते अपेक्षित फायदा दाखवू शकले नाही हे जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर ५५६ रुग्णांची ऑप्टिमा चाचणीही फायद्याची शक्यता दिसेना म्हणून बारगळली. पण या दोन्ही चाचण्यांत उष्णता अल्ट्रासाउंडची नव्हती. गाठीत सुई खुपसून रेडिओ लहरींनी ती जाळली जात होती आणि औषधाने जळालेल्या भागाच्या कडेच्या पेशी माराव्यात अशी अपेक्षा होती. पहिल्या चाचणीत तर कोणाची गाठ किती मिनिटे तापवायची याला एकवाक्यताच नव्हती. ऑप्टिमामध्ये किमान ४५ मिनिटांची अट घातली, तरी निकाल बदलला नाही.

आमच्या मते या अपयशाने तत्त्व खोटे ठरत नाही, पण उत्साहाला लगाम नक्कीच बसतो. गाठीत औषध चौपट झाले म्हणजे रुग्णाचे आयुष्य वाढलेच, असे गणित मांडता येत नाही.

बुडबुड्यांचे काम काय असते?

हे बुडबुडे मुळात सोनोग्राफीचे चित्र उजळ दिसावे म्हणून बनवले गेले. आत सल्फर हेक्साफ्लोराइड किंवा फ्लोरीनयुक्त कार्बनी वायू आणि बाहेर मेद किंवा प्रथिनाचे पातळ कवच, अशी त्यांची रचना असते. आकार १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीच्या जवळपास. त्यामुळे ते केशवाहिन्यांतून जातात पण रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत. काही मिनिटांत ते विरतात आणि वायू श्वासावाटे निघून जातो.

वायू दाबला जातो, पाणी जवळपास जात नाही. म्हणून ध्वनीच्या दाबाला बुडबुडाच प्रतिसाद देतो. १ मेगाहर्ट्झच्या ध्वनीत तो सेकंदाला दहा लाख वेळा फुगतो आणि आक्रसतो. दाब बेताचा असेल तर तो लयीत हेलकावे खातो आणि भोवतालच्या द्रवात लहान भोवरे निर्माण होऊन रक्तवाहिनीच्या अस्तरातील सांधे सैल होतात. दाब वाढवला तर तो एकदम कोसळतो. त्या क्षणी सुटणारा झोत पेशीच्या पटलाला भोके पाडू शकतो. कवचावर औषध बसवले असेल तर ते तेथेच मोकळे होते.

नॉर्वेतील बर्गन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दहा रुग्णांना जेमसायटाबिन हे नेहमीचे औषध दिले आणि त्याच वेळी बाजारात मिळणारे बुडबुडे व साध्या सोनोग्राफी यंत्राचा ध्वनी वापरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात मध्यक आयुर्मान १७.६ महिने आढळले, तर पूर्वीच्या रुग्णांच्या नोंदींत ते ८.९ महिने होते. आकडे मोहात पाडणारे आहेत. परंतु तुलना जुन्या नोंदींशी आहे, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या समांतर गटाशी नाही, आणि रुग्ण दहाच आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावेत.

आणखी एक प्रकार बुडबुड्यांचा चुलतभाऊ म्हणता येईल: द्रवाचे सूक्ष्मथेंब. परफ्लुरोपेंटेन हा द्रव खरे तर २९ अंशांना उकळतो, पण अतिसूक्ष्म थेंबात पृष्ठताणाचा दाब इतका असतो की ३७ अंशांच्या शरीरातही तो द्रवच राहतो. ध्वनी पडला की त्याची वाफ होते आणि थेंबाचा बुडबुडा बनतो. थेंब लहान असल्याने गळक्या रक्तवाहिन्यांतून तो गाठीत शिरू शकतो, जे तयार बुडबुड्याला जमत नाही.

सोनोडायनॅमिक उपचार म्हणजे काय?

चार मार्गांपैकी ‘सक्रिय’ हा शब्द ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडतो असा हा मार्ग आहे. यात दिलेले रसायन एरवी जवळजवळ निरुपद्रवी असते; ध्वनीच्या सान्निध्यात ते ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपे तयार करते आणि ती पेशीला आतून जाळतात. प्रकाशाने चेतणारी अशी रसायने आधीपासून वापरात होती, पण प्रकाश ऊतींत फार तर सेंटिमीटरभर शिरतो. जपानमध्ये युमिता, उमेमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हिमॅटोपॉर्फिरिन हे असे रसायन व अल्ट्रासाउंड एकत्र वापरून हीच क्रिया खोलवर घडवता येते हे दाखवले. ध्वनीने ही रसायने नेमकी कशी चेततात यावर अजून वाद आहे. बुडबुडा कोसळताना क्षणभर चमकणारा प्रकाश हे एक स्पष्टीकरण, तेथील प्रचंड स्थानिक तापमान हे दुसरे.

मेंदूच्या ग्लायोमा गाठींसाठी ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल वापरतात. रुग्ण ते तोंडाने घेतो आणि कर्कपेशी त्याचे प्रोटोपॉर्फिरिन बनवून साठवतात. शस्त्रक्रियेत गाठ लालसर चमकून ओळखू यावी म्हणून याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली आहे. माणसांवरील एका पहिल्या अभ्यासात गाठीच्या एका भागावर ध्वनी सोडला, उरलेला भाग तसाच ठेवला आणि काही दिवसांनी शस्त्रक्रियेत दोन्ही भाग काढून तपासले. ध्वनी पडलेल्या भागात पेशींवरील ऑक्सिडीकरणाचा ताण आणि पेशीमृत्यूच्या खुणा जास्त आढळल्या. हे आम्ल घेतल्यानंतर त्वचा प्रकाशाला हळवी होते, म्हणून सुमारे ४८ तास रुग्णाने प्रखर प्रकाश टाळायचा असतो.

रासायनिक बंध ध्वनीने तोडणे कितपत शक्य झाले आहे?

प्रयोगशाळेत शक्य झाले आहे. लांब साखळीसारख्या रेणूची दोन टोके वेगवेगळ्या वेगाच्या प्रवाहात सापडली की ताण मध्यावर येतो. तेथे मुद्दाम कमकुवत बंध ठेवला, उदाहरणार्थ दोन गंधक अणूंचा, तर तो सर्वांत आधी तुटतो आणि त्यातून सुरू झालेली अंतर्गत प्रक्रिया शेजारी जोडलेले औषध मोकळे करते. जर्मनीतील आखेन येथील आंद्रेयास हेरमान यांच्या गटाने २०२१ मध्ये अशा साखळ्यांतून औषधे सोडवून दाखवली.

अडचण अशी की अशा प्रयोगांत पूर्वापार २० किलोहर्ट्झचा ध्वनी वापरतात. त्याची लहर शरीरात साडेसात सेंटिमीटर लांब असते, म्हणून तो गाठीवर एकवटता येत नाही, आणि त्याची तीव्रता ऊतींना झेपणारी नसते. यावर अमेरिकेतील कॅल्टेक या संशोधनसंस्थेतील मॅक्सवेल रॉब आणि मिखाईल शापिरो यांच्या गटांनी २०२३ मध्ये सुंदर तोड काढली: काही सूक्ष्मजीव पाण्यात तरंगण्यासाठी प्रथिनांच्या भिंतीच्या, हवा भरलेल्या पिशव्या बनवतात, त्या द्रवात मिसळल्या की एकवटलेल्या सौम्य ध्वनीतही साखळ्या तुटू लागतात. रुग्णापर्यंत पोहोचायला याला सर्वांत लांबचा पल्ला गाठायचा आहे.

मेंदूतील गाठींसाठी वेगळे काय करतात?

मेंदूतील रक्तवाहिन्यांचे अस्तर इतके घट्ट असते की बहुतेक औषधे त्यातून जातच नाहीत. येथे ध्वनी औषध सक्रिय करत नाही. तो वाट मोकळी करतो. बुडबुडे टोचून मग कमी तीव्रतेचा एकवटलेला ध्वनी दिला तर हा अडथळा ऊतींना इजा न होता तात्पुरता उघडतो, हे कुलेर्वो हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सशांमध्ये दाखवले. टोरांटोतील सनीब्रूक येथे २०१५ मध्ये कवटी न उघडता हे माणसात केले गेले. २०२१ मध्ये तेथीलच गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या मेंदूत पसरलेल्या गाठी असलेल्या चार स्त्रियांमध्ये ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड ध्वनीनंतर गाठीत अधिक पोहोचल्याचे दाखवले.

दुसरी तऱ्हा म्हणजे कवटीच्या हाडातच उत्सर्जक बसवणे. शिकागोतील १७ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, अशा नऊ उत्सर्जकांच्या उपकरणाने मेंदूतील पॅक्लिटॅक्सेलचे प्रमाण सुमारे ३.७ पट आणि कार्बोप्लॅटिनचे ५.९ पट वाढले. उघडलेली वाट बऱ्याच अंशी तासाभरात बंद होते असेही त्यात आढळले. ध्वनी आणि औषध यांच्या वेळा किती काटेकोर जुळवाव्या लागतात ते यावरून कळते.

कोणत्या अवयवांत हे अवघड जाते?

जेथे वाटेत हवा किंवा हाड आहे तेथे. हवेच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परततो, म्हणून फुप्फुसातील आणि आतड्यांच्या वायूमागे दडलेल्या गाठी अवघड. बरगड्या ध्वनी शोषून तापतात. यकृत श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकते, आणि केंद्रबिंदूची रुंदी दोन मिलिमीटर. म्हणून श्वास रोखणे किंवा त्याच्या लयीशी ध्वनी जुळवणे भाग पडते.

औषध योग्य जागी सुटते आहे हे डॉक्टरांना कसे कळते?

उष्णतेचा मार्ग असेल तर एमआरआयने. पाण्यातील हायड्रोजनच्या अनुनादाची वारंवारता दर अंशाला दहा लाखांत सुमारे ०.०१ भाग सरकते. एवढ्याशा फरकावरून गाठीचा तापमानाचा नकाशा उपचार सुरू असतानाच पडद्यावर रंगांत उमटतो, आणि एखादा कोपरा जास्त तापला तर ऊर्जा लगेच कमी करता येते. मेदामध्ये ही पद्धत चालत नाही, त्यामुळे स्तनासारख्या अवयवात मापन किचकट होते.

बुडबुडे वापरले असतील तर त्यांचा आवाज ऐकतात. लयीत हेलकावणारा बुडबुडा सोडलेल्या ध्वनीच्या निम्म्या कंपनसंख्येचाही सूर काढतो. कोसळणारा बुडबुडा सगळ्या कंपनसंख्यांचा मिश्र खरखराट करतो. संगणक हा आवाज सतत तपासतो, निम्मा सूर येईपर्यंत दाब वाढवतो आणि खरखराट सुरू होताच मागे घेतो. यंत्राने ऐकत ऐकत हात आवरायचा, ही कल्पना आम्हाला या क्षेत्रातील सर्वांत देखणी वाटते.

कर्करोग शरीरभर पसरला असेल तर याचा उपयोग होईल का?

थेट उपयोग मर्यादित आहे. जी गाठ चित्रात दिसते आणि जिथवर ध्वनी पोहोचतो तिच्यावरच उपचार होतो. न दिसणाऱ्या विखुरलेल्या पेशींना हा उपाय लागू नाही. मेलेल्या कर्कपेशींचे अवशेष पाहून रोगप्रतिकारक यंत्रणा इतरत्रही जागी होईल, अशी आशा आहे आणि उंदरांत त्याच्या काही खुणा दिसल्या आहेत. सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा प्रतिकारक पेशी घडवल्या ज्या ध्वनीने थोडे तापवल्यावरच गाठीवर हल्ला करतात. हे कामही उंदरांपुरतेच होते.

याचे दुष्परिणाम काय असतात?

त्वचेवर भाजल्याचे डाग, उपचाराच्या जागी दुखणे व सूज, आणि बुडबुड्यांचा दाब जास्त झाल्यास केशवाहिन्यांतून बारीक रक्तस्राव. शिवाय औषधाचे स्वतःचे दुष्परिणाम आहेतच. शिरेतून दिलेली सगळी मात्रा गाठीत सुटत नाही. उरलेली कधीतरी यकृतात किंवा रक्तात मोकळी होतेच. टारडॉक्समध्येही काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तात्पुरत्या घटल्या होत्या. ‘दुष्परिणाम नसलेली केमोथेरपी’ असा मथळा दिसला तर तो लिहिणाऱ्याने हा भाग वाचलेला नाही असे समजावे.

या उपचाराला मान्यता मिळाली आहे का?

एकवटलेल्या अल्ट्रासाउंडला मिळाली आहे. त्याने सक्रिय होणाऱ्या कर्करोगाच्या औषधांना नाही. अमेरिकेत गर्भाशयातील फायब्रॉइडसाठी २००४ मध्ये, हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी २०१२ मध्ये आणि ध्वनीच्या दाबाने यकृताच्या गाठी विदीर्ण करणाऱ्या हिस्टोट्रिप्सीला २०२३ मध्ये परवानगी दिली गेली. या उपचारांत औषध नसते. औषध आणि ध्वनी यांची जोडी अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. तिच्यासाठी औषध, उपकरण आणि दोहोंचे वेळापत्रक या तिन्हींची परीक्षा एकत्र द्यावी लागते, हे तिच्या संथ गतीचे एक मोठे कारण आहे.

सध्याचा उपचार थांबवून याची वाट पाहावी का?

नाही. ज्या उपचाराचा फायदा सिद्ध झालेला आहे तो या आशेवर पुढे ढकलू नये.

चाचणीत सहभागी होण्याचा विचार असेल तर उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. गाठीपर्यंत ध्वनी पोहोचण्याची वाट मोकळी आहे का? चाचणी फक्त सुरक्षितता पाहते आहे की परिणामही? नेहमीचा उपचार सोबत चालू राहील की थांबेल? पूर्वी डॉक्सोरुबिसिन घेतले असेल तर त्याची एकूण मात्रा किती झाली, हा आकडा जुन्या कागदपत्रांतून काढून सोबत न्यावा; आयुष्यभराची मर्यादा मोजताना डॉक्टरांना तो लागतो.